नाईलवरचा रुग्ण आणि समुद्राचा तळ

१८७२ साल. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या एका बड्या जमीनदाराचा थोरला मुलगा अंथरुणाला खिळला होता. वय एकोणतीस-तीस, लग्न आदल्याच वर्षी झालेले. अंगात ताप आणि एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी सूज: आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट. आजार ओळखायला अवघड नव्हता. तो संधिवाताचा ताप होता, आम्ही डॉक्टर मंडळी ज्याला रुमॅटिक फीवर म्हणतो तो. पण ओळखून करणार काय? पेनिसिलिन सापडायला अजून छप्पन्न वर्षे होती. विलो झाडाच्या सालीतले सॅलिसिनसुद्धा या तापावर वापरात आले ते चार वर्षांनी, १८७६ मध्ये. डॉक्टरांच्या हातात एवढेच होते की पडून राहायला सांगायचे आणि ताप ओसरला की थंडीपासून लांब पाठवायचे.

या रुग्णाची ऐपत होती, म्हणून तो हिवाळ्यासाठी थेट इजिप्तला गेला. नाईल नदीवर राहण्याच्या सोयीची एक शिडाची नाव भाड्याने घेतली. सोबत पत्नी आणि मेव्हणी. नाव संथपणे नदीतून चालली होती, अंगात ताकद हळूहळू येत होती, आणि आतल्या खोलीत बसून हा गृहस्थ ध्वनिशास्त्रावर एक पुस्तक लिहू लागला. हाताशी ग्रंथालय नाही, प्रयोगशाळा नाही. कागद आणि डोके, बस्स.

समुद्राचा तळ वाळूचा आहे की गाळाचा, हे गोव्याहून निघणारे संशोधन जहाज आज वरून आवाज सोडून ओळखते. सांगली-मिरजेच्या दवाखान्यात आम्ही तशाच आवाजाने यकृत, गर्भाशय आणि हृदय पाहतो. या दोन्ही कामांच्या मुळाशी जे गणित आहे, त्याचा मोठा भाग या माणसाचा. नाव जॉन विल्यम स्ट्रट. वडिलांच्या पश्चात १८७३ मध्ये ते तिसरे बॅरन रॅले झाले आणि पुढे जगाने त्यांना लॉर्ड रॅले म्हणूनच ओळखले.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ चा, एसेक्समधल्याच लँगफर्ड ग्रोव्ह येथला. मूल लहानपणापासून अशक्त. ईटन आणि हॅरो या इंग्लंडातल्या सर्वांत नावाजलेल्या दोन शाळा त्यांनी पाहिल्या, पण दोन्ही तब्येतीपायी थोड्याच दिवसांत सोडाव्या लागल्या. उरलेले शिक्षण खासगी शिक्षकांकडे झाले. शाळा बुडवणाऱ्या आजारी मुलांच्या आईबापांना मी हे नेहमी सांगतो, अर्थात घरी शिक्षक ठेवण्याची सोय स्ट्रट घराण्याला होती हेही खरे. १८६१ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले आणि १८६५ मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले.

त्या काळच्या उमरावाच्या थोरल्या मुलाने पुढे जमीन सांभाळावी, शिकार करावी, संसदेत बसावे, अशी रीत होती. यांनी टर्लिंग इथल्या वाड्यातच एक प्रयोगशाळा थाटली. काही नातेवाइकांना हे वंशाला न शोभणारे खूळ वाटले. उपकरणे साधी असत, घरच्या घरी जुळवलेली. जमिनीचा कारभार पुढे धाकट्या भावाने, एडवर्डने, इतका नीट सांभाळला की त्यांच्या गोठ्यातले दूध लंडनच्या दुकानांतून लॉर्ड रॅले यांच्या नावाने विकले जाऊ लागले. शेती आणि दुधावर चाललेल्या घरातून विज्ञान निघते ते असे, हे आपल्या भागातल्या वाचकांना ऐकायला बरे वाटेल.

आजारी पडण्याच्या आदल्या वर्षी, १८७१ मध्ये, त्यांनी आकाश निळे का दिसते या प्रश्नाला हात घातला होता. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाचे विकिरण म्हणून जे येते ते हेच. सूर्याचा प्रकाश वातावरणातल्या अतिसूक्ष्म कणांवर आपटून सगळीकडे पांगतो. निळ्या प्रकाशाची लाट आखूड, तांबड्याची लांब. आखूड लाट कितीतरी जास्त पांगते, म्हणून मान वर केली की निळे दिसते. किती जास्त, तेही त्यांनी मांडले: लाटेची लांबी निम्मी झाली तर पांगणे सोळापट होते. लगोलग त्यांनी हाच प्रश्न आवाजाबद्दल विचारला. आवाजाच्या लाटेच्या वाटेत एक छोटा गोल खडा आला तर काय होईल?

वाईच्या घाटावर पायरीवर बसून पाहिले असेल तर उत्तराचा अंदाज येतो. नदीतल्या लहरी घाटाच्या भिंतीवर आपटल्या की सरळ परत फिरतात. तीच लहर पाण्यात रोवलेल्या बारीक काठीवर आली तर काठीला जणू काही कळतच नाही, लहर तिला ओलांडून पुढे निघून जाते. नीट पाहिले तर काठीभोवती एक अतिशय क्षीण गोल वलय उठलेले दिसते. ते वलय म्हणजे पांगलेली लहर. अडथळा लहान की मोठा हे सेंटिमीटरमध्ये ठरत नाही, लाटेच्या लांबीशी तुलना करून ठरते. रॅले यांच्या गणिताने दाखवले की लाटेहून खूप लहान कणाचा व्यास दुप्पट केला तर त्याने पांगवलेला आवाज चौसष्टपट होतो. आकारातला थोडासा फरक आवाजात प्रचंड मोठा होऊन येतो. त्यांनी आणखी एक बारकावा सांगितला. कण पाण्याहून जड आहे की नाही याचा परिणाम वेगळा, आणि कण पाण्याहून कमी-अधिक दाबला जातो की नाही याचा परिणाम वेगळा. पहिल्यामुळे आवाज मागे आणि पुढे जास्त जातो, दुसऱ्यामुळे सगळीकडे सारखा. म्हणजे परत आलेल्या आवाजात कणाच्या आकाराची आणि त्याच्या अंगच्या गुणांची खूण दडलेली असते.

हे कोरडे गणित त्यांना एकदा कानांनी ऐकायला मिळाले. बेजबरी पार्क नावाच्या इस्टेटीत दरीपलीकडे सुरूसारख्या सूचिपर्णी झाडांची दाट लागवड होती. एका बाईने तिकडे तोंड करून आवाज दिला, तर प्रतिध्वनी एक सप्तक वरचा परत आला! रॅले यांनी याचा उलगडा असा केला की माणसाच्या आवाजात मूळ सुराबरोबर त्याचे वरचे सूरही मिसळलेले असतात. वरच्या सप्तकातल्या सुराची लाट निम्म्या लांबीची, म्हणून झाडांच्या खोड-फांद्यांवरून तो सोळापट जास्त पांगून परत येतो. खालचा सूर झाडीत हरवतो, वरचा तेवढा ऐकू येतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिराला तारेतून निघणाऱ्या वरच्या सुरांबद्दल सांगायला नको, तो ते कानाने वेचतो. रॅले यांच्या पुस्तकाचा पहिला खंड अशाच तारा, पट्ट्या आणि ताणलेली चामडी यांच्या कंपनांवर आहे. तो १८७७ मध्ये निघाला, दुसरा १८७८ मध्ये. ‘द थिअरी ऑफ साउंड’ हे त्याचे नाव. ध्वनीवर काम करणारे लोक आजही ते उघडतात.

आता समुद्राकडे. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो: रॅले यांनी समुद्रतळाचा अभ्यास कधी केला नाही. त्यांनी तीन वेगवेगळी कोडी सोडवली आणि ती तिन्ही पुढे समुद्राच्या तळाशी एकत्र आली. लहान कणावरून लाट कशी पांगते हे पहिले. दोन पदार्थांच्या सीमेवरून आवाज किती परत फिरतो आणि किती आत शिरतो हे दुसरे, यात त्यांच्या आधी ग्रीन या गणितज्ञाचेही काम होते. आणि खडबडीत पृष्ठभागावरून लाट परतताना काय होते हे तिसरे.

२०१९ च्या महापुरानंतर सांगलीत ज्यांनी घरे धुतली त्यांना गाळ आणि वाळू यांतला फरक सांगायला नको. गाळात पाय रुततो, ओली वाळू पाय पेलते. आवाजालाही तसेच वाटते. पाण्यातून आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. समुद्रतळाच्या पाणी भरलेल्या वाळूत तो १७०० मीटरच्या आसपास किंवा थोडा जास्त. आणि अगदी मऊ, बारीक गाळात? पाण्याहूनही किंचित कमी. अशा गाळात निम्म्याहून जास्त जागा पाण्यानेच व्यापलेली असते, त्याची घनता पाण्याहून फार वेगळी नसते, म्हणून आवाजाला सीमा ओलांडल्याचे फारसे जाणवत नाही. ढोबळमानाने, सरळ खाली सोडलेल्या आवाजाच्या ऊर्जेपैकी वाळू दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त परत पाठवते, मऊ गाळ शंभरातले दोन-तीन भागच. आवाज तिरपा सोडला तर मऊ गाळाच्या बाबतीत एक असा कोन येतो की जवळजवळ काहीच परत फिरत नाही, सगळे आत जाते. वाळूत याच्या उलट. फार तिरपा आवाज आला तर ती त्याला आत घेतच नाही.

मग खडबडीतपणा. आपल्याला वाटेल, वाळूचा कण गाळाच्या कणाहून मोठा, म्हणून वाळू आवाज जास्त पांगवत असेल. तसे नाही. पंधरा किलोहर्ट्झच्या आवाजाची पाण्यातली लाट दहा सेंटिमीटर लांब असते, वाळूचा कण तिच्यापुढे पाचशेपटीने लहान. एकेका कणाचे पांगवणे नगण्य. पण वाळू कडक असल्याने तिच्यावर भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी उठलेल्या वळ्या टिकतात, शिंपल्यांचे तुकडे पृष्ठभागावर पडून राहतात, आणि त्या वळ्या आणि शिंपले आवाजाला दिसतात. रॅले यांच्या विचारातून निघालेला ठोकताळा असा, की उंचसखलपणा लाटेच्या आठव्या हिश्श्याहून कमी असेल तर तो तळ आवाजाला आरशासारखा गुळगुळीत. आवाज तिरपा आला तर त्याहून जास्त उंचवटेही तो माफ करतो. दुपारी काळाभोर दिसणारा डांबरी रस्ता संध्याकाळी उन्हे तिरपी झाली की चकाकतो ना, त्यातला प्रकार.

गाळाची गोष्ट आणखी वेगळी. वरून काही परत येत नाही, आवाज आत शिरतो आणि आतल्या गोष्टींवरून पांगतो: पुरलेले शिंपले, किड्यांची आणि खेकड्यांची बिळे, जुन्या वादळात येऊन बसलेला वाळूचा थर. आणि वायू. मेलेल्या जिवांचा गाळात सडून मिथेन होतो. त्याचा बुडबुडा कितीही चिमुकला असला तरी पाण्याच्या मानाने इतका दाबला जाणारा असतो की रॅले यांनी सांगितलेला दुसरा परिणाम तिथे टोकाला पोचतो. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या गाळात असा वायू अनेक ठिकाणी आढळला आहे. तिथे जहाजावरच्या यंत्राच्या चित्रात वायूच्या खालचे सगळे पुसून जाते, पडदा ओढल्यासारखे. हे वाचताना मला हसू आले होते. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी या, असे आम्ही का सांगतो? आतड्यात गॅस कमी असावा म्हणून. गॅसमागचे स्वादुपिंड आम्हाला दिसत नाही आणि त्यांना गाळाखालचा खडक.

साम्य इथे संपत नाही. समुद्रतळाच्या आतले थर पाहायला जे यंत्र नेहमी वापरतात ते ३.५ किलोहर्ट्झवर चालते. पोटाची सोनोग्राफी पुष्कळदा ३.५ मेगाहर्ट्झवर होते, बरोबर हजारपट. तिकडे लाट सुमारे ४३ सेंटिमीटरची, इकडे अर्ध्या मिलिमीटरहून कमी. खोल पाहायचे तर लांब लाट घ्यावी लागते आणि बारीक तपशील सोडावा लागतो. बारीक पाहायचे तर आखूड लाट, पण ती लवकर विरते. म्हणून गळ्यातली थायरॉइडची गाठ पाहताना आम्ही वेगळा प्रोब उचलतो.

आपल्या महाबळेश्वरातून कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा नद्यांनी हजारो वर्षे वाहून नेलेली माती अरबी समुद्रात बसली आहे. किनाऱ्यालगत साधारण पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत बहुतेक हा असा गाळ, आणि त्याच्या पलीकडे बाहेरच्या अंगाला जुनी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा खाली होती तेव्हाची, शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून हे सगळे तपासते आहे. तिथले संशोधक आवाजाच्या परतीवरून तळाचा प्रकार ओळखतात आणि मग तळाचा नमुना खरवडून वर आणून ताडून पाहतात. आमच्याकडे सोनोग्राफीनंतर सुईने तुकडा काढून पॅथॉलॉजीला पाठवतात, तसेच.

याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘गवेषणी’ जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरून बटाट्यासारखे काळे गोळे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले हे गोळे सुमारे पाच किलोमीटर खोलीवर मऊ गाळावर पसरलेले असतात. त्यांच्या शोधासाठी भारताच्या वाट्याला मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आले आहे. एवढ्या जागेत प्रत्येक ठिकाणी खोरे टाकून पाहणे अशक्य. म्हणून वरून आवाज सोडायचा. गोळे दोन-चार ते आठ-दहा सेंटिमीटरचे, लाट दहा सेंटिमीटरची. मऊ गाळ गप्प बसतो आणि गोळे बोलतात, शिवाय मोठे गोळे लहानांपेक्षा फारच मोठ्याने. लहान गोळ्यांच्या बाबतीत तर हा थेट १८७२ चा खड्याचा प्रश्न आहे.

रॅले यांच्या उरलेल्या आयुष्याबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर हे सदर दोन रविवार चालेल. १८७९ मध्ये मॅक्सवेल वारले आणि केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुखपद रॅले यांच्याकडे आले. शेतीत मंदी होती, खंडाचे उत्पन्न घटले होते, पगाराची गरज उमरावालाही पडली होती. तिथे त्यांनी विजेची मापे पक्की केली. या मोजमापांत त्यांची भागीदार होती नाईलच्या नावेत सोबत असलेली मेव्हणी, एलिनॉर. नावेतच तिने त्यांच्याकडून गणित शिकायला घेतले होते. पुढे ती केंब्रिजमधल्या न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजची प्राचार्य झाली. रॅले प्रमुख असताना कॅव्हेंडिशचे वर्ग मुलींना मुलांच्या बरोबरीने खुले झाले. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, त्यांनी पद सोडले आणि टर्लिंगच्या वाड्यातल्या प्रयोगशाळेत परत गेले.

पुढच्याच वर्षी त्यांनी घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून सरपटत जाणाऱ्या लाटांचे गणित मांडले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा पाटण-कराडची घरे हादरली, हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकत आलो. अशा भूकंपातून निघून जमिनीच्या पृष्ठभागावरून दूरवर जाणाऱ्या आणि दुसऱ्या देशांतल्या यंत्रांवरही उमटणाऱ्या लाटांच्या एका प्रकाराला रॅले लाटा म्हणतात.

मग आर्गॉन. हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन आणि रसायनांपासून बनवलेला नायट्रोजन यांच्या वजनात जेमतेम अर्धा टक्का फरक येत होता. दुसऱ्या कुणी मोजमापातली चूक म्हणून सोडून दिले असते. रॅले यांनी वर्षानुवर्षे तो फरक सोडला नाही, आणि विल्यम रॅम्झी यांच्यासोबत हवेत दडलेला एक नवा वायू सापडला. १९०४ चे नोबेल पारितोषिक यासाठी मिळाले. पैसे त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकले. मधुमेहाने खराब झालेल्या पडद्यावर डोळ्यांचे डॉक्टर कित्येक वर्षे जो लेसर मारत आले तो याच आर्गॉनचा. ३० जून १९१९ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, टर्लिंगलाच त्यांचे निधन झाले.

मधल्या काळात १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले होते आणि पाठोपाठ महायुद्धात पाणबुड्या आल्या होत्या. पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी पकडण्याची निकड अचानक जीवनमरणाची झाली. फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकाला वीज देऊन पाण्यात कानाला न ऐकू येणारा आवाज काढला. १९२५ ते १९२७ मध्ये ‘मेटिऑर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागराची खोली प्रतिध्वनीने हजारो ठिकाणी मोजली. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्यांना कळले की तळावरून पांगून येणारा आवाजच पाणबुडीचा प्रतिध्वनी झाकून टाकतो, आणि तळ गाळाचा, वाळूचा की खडकाचा यावर शोध अवलंबून असतो. तेव्हा रॅले यांचे पुस्तक पुन्हा फडताळातून बाहेर आले. युद्ध संपल्यावर तेच तंत्र दवाखान्यात शिरले.

मी हे सगळे का वाचत बसलो ते सांगतो. गेल्या गळीत हंगामात आमच्या सरकारी रुग्णालयात ऊसतोडीला आलेली एक बाई दाखल झाली. वय तीस. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीची फळी चढताना दम लागतो, ही तक्रार. लहानपणी कधी गुडघे सुजले होते का, विचारले. आठवत होते तिला. दोन महिने शाळा बुडाली होती, मग शाळाच सुटली. घसा दुखणे, ताप, सांध्यांची सूज. सांधे बरे झाले आणि सगळे विसरले. हृदय मात्र विसरले नव्हते. डाव्या बाजूची वरची झडप आकसून अरुंद झाली होती.

इको करताना पडद्यावर एरवी हृदयाच्या पोकळीतले रक्त काळे दिसते. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, आमची लाट तिच्या पन्नास-साठपट लांब. पेशी आवाज पांगवते, पण इतका कमी की पडदा काळाच राहतो. डॉपलर यंत्र तोच क्षीण आवाज पकडून रक्ताचा वेग सांगते. या बाईच्या डाव्या कर्णिकेत मात्र धूर दिसत होता. आम्ही त्याला धूरच म्हणतो: हळूहळू गरगरणारा, चुलीतून निघाल्यासारखा. झडप अरुंद, म्हणून रक्त वर तुंबते. तुंबलेल्या रक्तात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात. आठ पेशी सुट्या असत्या तर आठ पेशींएवढा आवाज पांगला असता. त्या एकत्र आल्या की ढोबळ हिशेबाने चौसष्ट पेशींएवढा पांगतो. काळ्या पोकळीत धूर येतो तो असा. आणि तो दिसला की आम्ही घाबरतो, कारण अशा रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर तिशीतल्या बाईची अर्धी बाजू लुळी पडते.

शेजारी उभ्या असलेल्या इंटर्न मुलांना मी धूर दाखवला आणि विचारले, हा का दिसतो? एकाने बरोबर सांगितले, रॅले स्कॅटरिंग. रॅले यांना स्वतःला हाच ताप आला होता, हे मात्र कुणाला माहीत नव्हते. मलाही वीस वर्षे माहीत नव्हते.

त्यांना झाला तेव्हा लॉर्डाच्या मुलालाही औषध नव्हते. आज घसा दुखणाऱ्या मुलाला वेळेवर पेनिसिलिन दिले तर हा ताप येतच नाही. येऊन गेला असेल तर दर तीन आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतले की तो पुन्हा उलटत नाही आणि झडप आणखी बिघडत नाही. झडप बिघडलेली असेल तर ते किमान चाळिशीपर्यंत घ्यावे लागते. इंजेक्शन दुखते, फार दुखते, आणि दुखणे बंद झालेल्या माणसाला दर एकवीस दिवसांनी दुखवून घ्यायला लावणे हे आमच्या कामातले सर्वांत अवघड काम आहे. तुमच्या घरातल्या, शाळेतल्या किंवा उसाच्या फडावरच्या मुलाला घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि सांधे आळीपाळीने सुजले, तर वाढत्या वयाची कळ म्हणून तेल चोळत बसू नका. कानाला स्टेथोस्कोप लावणारा डॉक्टर गाठा.

त्या बाईला रक्त पातळ होण्याच्या गोळ्या सुरू केल्या. फुग्याने झडप रुंद करता येईल का, हे धूर आणि गुठळीचे बघून ठरणार होते. इंजेक्शनच्या कार्डावर मी पुढच्या तारखा लिहिल्या. पाचवी तारीख कारखान्याचा पट्टा पडल्यानंतरची निघाली. तोवर टोळी गावी गेलेली असणार. तिच्या नवऱ्याला गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते ते विचारले आणि कार्डाच्या मागे तिथल्या डॉक्टरांना चार ओळी लिहून दिल्या.